एकत्र केलेल्या नोंदी

दुबार नोंद दिसली की माझं डोकं फिरायचं. एकाच माणसाची दोन कार्डं, एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, एकच काम दोघींच्या वाट्याला. असलं काही स्क्रीनवर आलं की मी खुर्चीतूनच ओरडायचे. चंद्रपूरच्या परकोटात, म्हणजे जुन्या तटाच्या आत, माडीवरच्या दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. तिथे कुणाला लपायलाही जागा नव्हती. आता मी ओरडत नाही. का ओरडत नाही ते लिहायला बसले आहे, आणि त्यासाठी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या गोळ्या माझ्या हातून कशा बंद पडल्या ते सांगावं लागेल.

आमची संस्था लहान. सिकलसेलच्या रुग्णांचा पाठपुरावा करणं एवढंच तिचं काम. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि माणूस कळांनी अक्षरशः लोळतो. आजार आईबापांकडून येतो आणि जात नाही. पण रोजची गोळी चुकवली नाही, अधूनमधून रक्त तपासलं, तर पोरं शाळेत जातात, भांडतात, मोठी होतात. गोळी चुकली तर काय होईल ते कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. कधी महिनोन्‌महिने काहीच होत नाही, आणि कधी एका सकाळी सगळं होऊन बसतं.

गोळ्या पोचवणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या गोंडपिपरीपासून जिवतीच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या होत्या. कोणी कधी कुठे जायचं ते ठरवायला आम्ही इंटरनेटवरचं एक ॲप वापरायचो. मोठ्या ऑफिसांत माणसांना कामं वाटून द्यायला असतं, तसलंच. प्रत्येक रुग्णाची एक नोंद आणि तिच्याखाली त्याची कामं: गोळ्या देणे, रक्त तपासायला आणणे, शाळेत चौकशी करणे. काम झालं की खूण करायची, पुढच्या महिन्याचं काम आपोआप यादीत यायचं. कपाटातून पाकिटं निघायची ती या यादीप्रमाणे. यादीत नाव नाही तर पाकीट नाही, हा नियम माझा. पूर्वी बायका आपापल्या वह्या ठेवायच्या. त्या मी गोळा करून पेटीत बंद केल्या, कारण वहीत एक आणि ॲपमध्ये दुसरंच, हे मला खपत नव्हतं.

ॲप सुरू केलं तेव्हा जुन्या सर्वेक्षणाचे कागदही मीच त्यात भरले होते. त्यातली बरीच माणसं तोवर वारली होती. त्यांनाही मी सोडलं नाही. नाव, आडनाव, गाव आणि पुढे ‘मृत’. कोणत्या घरात आजार होता ते कळावं, हा हेतू चांगलाच होता. वय बहुतेकांचं लिहिलेलंच नव्हतं, तो रकाना रिकामा राहिला. आणि मधलं नाव मी मुळात घेतलंच नाही, तेवढंच टायपिंग वाचलं.

ती मुलगी जिवतीच्या वरच्या अंगाला एका गुड्यावर राहायची. गुडा म्हणजे डोंगरावरची लहानशी वस्ती. बस सोडून तासभर चढायचं, मग दहा-बारा घरं लागतात. त्या गुड्यावर आमची रुग्ण ही एकटीच. जिवतीच्या शिबिरात मी तिला एकदाच पाहिलं होतं. फॉर्म भरता भरता माझं पेन अडलं. तिने ते सरळ माझ्या हातातून काढून घेतलं, तळहातावर खसाखसा घासून चालू केलं, आणि परत देताना म्हणाली, “सस्तावालं नको घेत जाऊ, बाई.” माझ्या कपाळावर आठ्या चढल्या तसा तिचा बाप हसायला लागला.

“तिले कोनी काई म्हनत नाई जी,” तो म्हणाला. “ते माही माय होय.”

मग त्याने उलगडून सांगितलं. त्यांच्या गोंडांत मूल जन्मलं की घरातली जाणती बाई एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते. ज्या नावाला बाळ रडायचं थांबेल ते माणूस घरी परत आलं असं समजायचं. ही आपल्या आजीच्या नावाला थांबली. म्हणून हिचं नाव तेच, आडनाव तेच, आणि नावाने आई असल्यामुळे बाप तिला रागवत नाही. मला ते इतकं आवडलं की संस्थेच्या वार्षिक अहवालात मी त्यावर एक चौकट लिहिली, फोटोसकट. तेव्हा मला ठाऊक नव्हतं अशी सबब मला सांगता येत नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्या ॲपवाल्यांचं पत्र आलं. सेवा बंद होणार आहे, महिनाअखेरीपर्यंत आपला सगळा डेटा एक्स्पोर्ट करून घ्या, त्यानंतर तो कायमचा पुसला जाईल. ‘कायमचा’ हा शब्द मी दोनदा वाचला. पुण्यातल्या एका ओळखीच्या प्रोग्रामरने फुकटात नवं ॲप उभं करून दिलं आणि फोनवर मला बजावलं, “ताई, इम्पोर्ट करताना ते सारख्या नोंदी समोर ठेवेल. एकेक जोडी बघून मगच एकत्र करा. घाई करू नका.”

“मला नका शिकवू,” मी म्हटलं. वर्षानुवर्षं ती माहिती मी हाताने भरली होती. पुण्यात बसून हा मला घाई करू नका म्हणतो, याचा मला भयंकर राग आला होता.

सुट्टीच्या पहिल्या दुपारी मी ऑफिसात एकटीच होते. एक्स्पोर्टचं बटण दाबलं. इवलीशी रेघ भरत गेली आणि एक फाईल खाली उतरली. एवढ्या माणसांचं दुखणं, त्यांची गावं, त्यांच्या गोळ्या, सगळं मिळून मोबाइलवरच्या दोन-चार फोटोंएवढ्या जागेत मावलं होतं. मग नव्या ॲपमध्ये इम्पोर्ट. थोडा वेळ स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला आणि समोर जोड्या आल्या. नाव सारखं, आडनाव सारखं, गाव सारखं. या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?

पहिल्या सहा जोड्या मी नीट पाहिल्या. सहाही खरोखरच दुबार होत्या, आमच्याच निष्काळजीपणाच्या. माझं डोकं तापत गेलं. खाली एक बटण होतं: उरलेल्या सर्वांना हेच लागू करा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आधी केलेली नोंद मुख्य मानली जाईल आणि तिची स्थिती कायम राहील. ते मी वाचलं. समजलंही. आधीची नोंद मुख्य, बरोबरच आहे, असं म्हणून मी बटण दाबलं.

न पाहिलेल्या त्या जोड्यांत एक जोडी आजी आणि नातीची होती. आजीची नोंद आधीची. तिची स्थिती ‘मृत’, तिची कामं बंद. वयाचा रकाना रिकामा असल्यामुळे ॲपला शंका यायचं काही कारण नव्हतं. नात त्या मेलेल्या बाईच्या नोंदीत जाऊन बसली आणि तिच्या पुढच्या सगळ्या गोळ्या थांबल्या. स्क्रीनवर आलं, ‘इम्पोर्ट पूर्ण. एकही त्रुटी नाही.’ मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. संस्थेच्या डॉक्टरांनी शाबासकीचा अंगठा पाठवला. मी घरी गेले आणि चकल्या तळायला घेतल्या.

दर महिन्याला पाकिटं वाटायची बैठक असायची. पुढच्या बैठकीला जिवतीची कार्यकर्ती आली. ती स्वतः गोंड, तिशीतली, कामाला वाघ पण बोलायला कंजूस. पाकिटं पिशवीत भरता भरता ती थांबली. हातातल्या मोबाइलवर यादी खालीवर करत राहिली.

“ताई, वरच्या गुड्यावरची पोरगी दिसून नाई राह्यली याच्यात.”

“यादीत नाही म्हणजे काम बंद झालं असेल. डॉक्टरांनी केलं असेल.”

“बंद कसं करतीन? तिले त रोज लागते गोळी.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

बाकीच्या बायका आपापल्या पिशव्यांत डोकं घालून बसल्या. जरा वेळाने ती हळूच म्हणाली, “एक पाकीट देऊन ठेवा ना जी. मी वर जाऊन विचारून येतो.”

“यादीबाहेर एक गोळी मिळायची नाही,” मी म्हटलं. “आज तुम्हाला एक दिलं की उद्या सगळ्या हात पसरतील. मग हे ॲप काय पूजेला ठेवायचं?”

मला वाटत होतं मी शिस्त लावते आहे. तिने पिशवीचा बंद ओढला आणि गडचांदूरची बस गाठायला निघून गेली. समोरच्याच कॉम्प्युटरवर ते नाव शोधायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी चहा मागवला.

ती वर गेली नाही. द्यायला हातात काही नसताना तासभर चढून तिने तिथे सांगायचं तरी काय? त्या गुड्यावर दुसरा रुग्ण नव्हता, म्हणून दुसऱ्या कुणाच्या निमित्तानेही तिकडे पाऊल पडलं नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, घरची सगळी माणसं रानात. जिवतीच्या बाजारात एकदा बाप तिला भेटला आणि त्याने विचारलं. “पुढल्या महिन्यात आनतो,” ती म्हणाली. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ती पुन्हा यादी खालीवर करताना मी पाहिलं. या वेळी तिने मला काही विचारलं नाही. मला बरं वाटलं.

डिसेंबरात डोंगरावर थंडी उतरली. थंडी या रुग्णांची वैरीण, कळा बहुतेक तेव्हाच उठतात. दर हिवाळ्यात आमचे फोन वाजत राहायचे. त्या वर्षी माझ्यासमोर नव्या ॲपचं हिरवं वर्तुळ होतं. जेवढी कामं पार पडली तेवढं ते भरायचं, आणि जिवतीचं वर्तुळ तर काठोकाठ भरलेलं. थकलेलं एकही काम नाही. मी ते डॉक्टरांना अभिमानाने दाखवलं. पण खरं सांगायचं तर त्या हिरव्याकडे बघताना मला चैन पडत नव्हती. प्रवासाला निघाल्यावर घरातलं काहीतरी चालूच राहिलंय असं वाटत राहतं, तशी हुरहूर. काय राहिलंय ते आठवायचं नाही. मी पान बदलायचे.

नाताळच्या आसपास पुण्याहून फोन आला.

“ताई, एकत्र झालेल्या नोंदींची एक वेगळी यादी असते. ती बघितलीत ना? काही चुकलं असेल तर अजून उलटवता येईल.”

“बघितली,” मी म्हटलं.

बघितली नव्हती. फोन ठेवल्यावर बघू, असं मनात होतं. मग गोंडपिपरीच्या शिबिराचा मंडप, कुणाची तरी रजा, आणि ते राहून गेलं. हे माझं पहिलं खोटं.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास कार्यकर्तीचा फोन आला. मागे गाडीचा घरघराट होता, आणि कुणीतरी बाई एकाच सुरात काहीतरी बोलत होती.

“ताई, पोरगी पडली. सकाळी उठली त उजवा हात उचलेना. तोंड वाकडं झालं. बोलून नाई राह्यली काहीच. चंद्रपूरले आनून राह्यलो तिले.”

“कोणती पोरगी?” मी विचारलं. आणि ती उत्तर देण्याआधीच मी कॉम्प्युटरकडे वळले होते.

“तीच जी. यादीत नव्हती ते.”

मी नाव टाइप केलं. एकच नोंद आली. गाव तेच. स्थिती: मृत. सगळी कामं बंद. मी बघत राहिले. मग पेन ड्राइव्हवरची जुनी एक्स्पोर्टची फाईल उघडली आणि शोधलं. तिथे दोघी होत्या. वरच्या ओळीत आजी. बरंच खाली नात, वय नऊ, पुढचं काम: गोळ्या देणे. दिवाळीनंतरची तारीख. फाईलमध्ये ती ठणठणीत जिवंत होती. मी माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

यानंतर मी जे केलं त्याची लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगते. मी दवाखान्यात धावले नाही. दवाखाना ऑफिसपासून ऑटोने दहा मिनिटांवर, आणि तरी मी दुपारपर्यंत खुर्चीत बसून नोंद दुरुस्त करत होते. नातीला वेगळं केलं, तिची कामं उघडली, तिच्या नावासमोरचं ‘मृत’ काढलं. मग एकत्र झालेल्या सगळ्या जोड्या एकेक करून तपासल्या, पुण्याच्या माणसाने सांगितलं होतं तशा. अजून दोन जिवंत माणसं तशीच गाडली गेलेली निघाली. त्यांच्या गावी फोन लावले. दोघंही चालतीबोलती होती, एकाने तर गोळ्यांवाचून बरंच वाटतंय म्हणून सांगितलं. त्या दोघांची पाकिटं मी स्वतः काढून ठेवली. एवढं झाल्यावरच मला जिना उतरायचा धीर झाला. हे सगळं करताना मला सगळ्यांचा राग आला होता: ॲपचा, पुण्याच्या माणसाचा, दोनदा विचारलं नाही म्हणून त्या कार्यकर्तीचा, आणि एवढे दिवस वाट बघत बसलेल्या त्या बापाचाही. तो राग होता म्हणूनच मी उभी राहू शकले.

वॉर्डात खिडकीशी तिची खाट होती. चेहऱ्याची एक बाजू तिची होती, दुसरी सुटलेली. डोळे उघडे होते. तिने मला ओळखलं असावं, कारण तोंडाची चांगली बाजू हलली, पण आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस अडकली, जीव वाचला हेच खूप. पुढे तीन महिन्यांनी ती चालायला लागली, एक पाय ओढत. उजवा हात तसाच राहिला. शब्द आजही फुटत नाहीत. त्या दुपारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आम्ही सगळे तिच्या ओठांकडे बघत होतो.

आई खाटेशेजारी चटईवर बसली होती. तिला मराठी येत नाही. कार्यकर्ती भिंतीला टेकून उभी होती, पहाटेपासून तिने काही खाल्लेलं दिसत नव्हतं. बाप मला बघून उठला, हात जोडून “जय सेवा” म्हणाला. त्याच्या हातात गोळ्यांची रिकामी डबी होती. डॉक्टरांना दाखवायला आणली असेल.

“माहीच गलती हाय, बाई,” तो म्हणाला. “मीच चंद्रपूरले याले पायजे होतं. कापसाच्या पाठी लागलो. बाई येईन, बाई येईन, म्हनून बसून राह्यलो.”

“नाही हो, तुमची कसली?” मी म्हटलं. माझी आहे, हे दोन शब्द जिभेच्या टोकावर होते. सांगायचं ठरवूनच मी दवाखान्याचा जिना चढले होते.

तो डबी फिरवत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्याला फक्त काहीतरी हवं होतं, हातात धरायला.

“यादीत नावच नोतं आलं म्हने तिचं,” तो म्हणाला. “मशीन बिघडली होती का जी?”

भिंतीशी उभ्या कार्यकर्तीने मान वर केली. एक पाकीट देऊन ठेवा ना जी, असं म्हणणारी ती, आणि तुम्ही डॉक्टर आहात का, असं विचारणारी मी, त्या वॉर्डात आम्हा दोघींनाच ते माहीत होतं. ती माझी वाट बघत होती.

“हो,” मी म्हटलं. “मशीनच बिघडली होती.”

बापाचे खांदे खाली आले. “मंग कोनाचीच गलती नाई,” तो म्हणाला, आणि कार्यकर्तीकडे वळून, बायकोला हे सांग, अशी त्याने खूण केली.

ती चटईजवळ उकिडवी बसली. मग खालच्या आवाजात तिने गोंडीत एक वाक्य सांगितलं. त्यातला ‘मशीन’ एवढा एकच शब्द मला कळला. आईने ते ऐकलं, मान हलवली, आणि चटईवर सरकून मला बसायला जागा करून दिली.